खोल्या सहा, फवारली एक

कार्तिक निम्मा सरत आला तरी पंखा बंद करायची सोय नाही. दुलया धुऊन पेटीत ठेवल्या त्या तशाच आहेत. परभणीची थंडी ही एके काळी थट्टेवारी न्यायची गोष्ट नव्हती; सकाळी बंब पेटल्याशिवाय अंगावर पाणी घ्यायची कोणाची छाती होत नसे. आता दिवाळी होऊन पंधरवडा झाला आणि मी भर दुपारी कुंड्यांना पाणी घालताना पोटऱ्यांवरचे डास मारते आहे. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेले, दिवसाढवळ्या चावणारे डास. आमच्या लहानपणीचे डास निदान दिवेलागणीपर्यंत थांबायचे. त्यांना थोडी तरी रीतभात होती.

परवा दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, मेसेज आला. त्याची सात वर्षांची नात ईश्वरी डेंग्यूनं इथं परभणीतच दवाखान्यात आहे. तिच्या उशाशी बसल्या बसल्या त्यानं मला कुठून तरी आलेली एक बातमी पुढं ढकलली होती. हवामान बदलतंय, पावसाळा लांबतोय, थंडी आखडतेय, म्हणून डासांचा हंगाम वाढलाय आणि डासांचे आजार नव्या नव्या भागांत पसरतायत, अशी ती बातमी. तिच्याखाली दादानं स्वतःच्या बोटानं लिहिलं होतं, ‘आपल्या सुमनचं पण असंच झालं. त्या साली पावसानं घात केला. निसर्गापुढं कोणाचं काय चालतं.’

मी फोन पलंगावर आपटला. फुटला नाही, दुर्दैवानं.

बातमी खोटी नाही, हे आधी सांगते. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. उबेत डासाची पैदास झपाट्यानं होते, त्याच्या पोटात तापाचा जंतू लवकर पिकतो, आणि पूर्वी वेळेवर येऊन हे सगळं थांबवणारी थंडी आता यायलाच मागत नाही. जगभर धूर सोडणारे कुठं तरी लांब बसले आहेत आणि ताप इथं मजुराच्या पोराला येतो, याचाही मला राग आहे. तो राग मी उघडपणे बोलते, वर्गातही बोलत आले. पण दादाच्या त्या तीन वाक्यांनी जो राग आला तो निराळा आहे. तो चाळीस वर्षांहून जुना आहे आणि त्याचं तोंड आभाळाकडे नाही, आमच्या घराकडे आहे.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून दीड कोसावर. मातीच्या माळवदाचं, सहा खोल्यांचं आमचं घर. ओसरीला लागून बैठक, मग माजघर, स्वयंपाकघर, देवघर, धान्याची खोली आणि पार मागे, खिडकी नसलेली एक अंधारी खोली. वडील आधीच गेले होते. घर आई चालवायची, बाहेरचं दादा बघायचा. दादा तेव्हा नुकताच कॉलेज सोडून शेतीत आला होता. शहरात असताना त्यानं विद्यापीठाच्या नामांतराविरुद्धच्या मोर्चांत घोषणा दिल्या होत्या आणि गावी येऊन त्या तो कौतुकानं म्हणून दाखवायचा. शेजारच्या एका गावात तेव्हा झोपड्या जाळल्या गेल्या, त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्याकडे त्यावर कोणी बोलत नसे. बोललंच तर ‘त्यांनी बी लय माजू नये’ एवढं बोलून पानाला चुना लावत.

सुमनवहिनी मानवतची. दादाशी लग्न होऊन दुसरं वर्ष चाललेलं. मानवत म्हणजे बाजारपेठेचं गाव, त्यामुळे ती आमच्या मानानं शहाणी, आणि हे तिला माहीत होतं. मी तेरा वर्षांची. शेतातून आले की माझ्या वेणीत अडकलेला कापूस ती काढायची नाही, उलट आणखी दोन बोटं कापूस खोचायची आणि आरसा पुढं करून म्हणायची, “बघा वन्सं, म्हाताऱ्या झालात. आता तुमचं लगीन कोण करायलंय?” आई ओरडायची. वहिनी पदर तोंडावर घेऊन हसायची, आणि हसताना तिचे खांदे हलायचे. तिला दिवस गेले होते तेव्हा आईनं तिला त्या मागच्या अंधाऱ्या खोलीत निजायला लावलं. गरवार बाईला वारा लागू नये, दृष्ट लागू नये म्हणून.

त्या वर्षीचा पाऊस मला अजून वासासकट आठवतो. मृग वेळेवर बरसला म्हणून सगळे खूश. मधे चांगला महिनाभर कोरडा गेला, मूग करपला. मग उत्तरा नक्षत्रात जो बसला तो उठायलाच तयार नाही. हत्ती गेला, चित्रा आली, माणसं आभाळाकडे बघून शिव्या द्यायला लागली. बोंडं झाडावरच काळी पडली. ज्वारीच्या कणसाला कणसावरच कोंब फुटले. काळ्या मातीत बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत जायचा आणि त्या खुराच्या खड्ड्यात पाणी साचायचं. गावाच्या वरच्या अंगानं नवा कालवा गेला होता, त्याच्या पाझरानं खालची सगळी शिवारं ओलीच्या ओली. शेवाळाचा, कुजलेल्या कापसाचा, भिजलेल्या गोवऱ्यांच्या धुराचा वास घरादाराला धरून बसला होता. आणि थंडी नाही. ज्या दिवसांत अंगावर घोंगडी लागायची त्या दिवसांत माणसं उघड्या अंगानं ओसरीवर बसायची.

तेव्हा याला कोणी हवामानाचा बदल म्हटलं नाही. म्हातारे म्हणाले, नक्षत्रं फिरली.

हिवतापाची पावडर मारणारी टोळी यायची ती सरकारी वेळापत्रकानं. पाच माणसं, बादल्या, पायानं दाबून धरायचा पंप, लांब दांड्याची नळी. ते भिंती फवारायचे. पाणी वाळलं की मातीच्या भिंतीवर पांढुरकी साय उरायची आणि नाकात झोंबणारा वास. डास माणसाला चावला की जड होऊन जवळच्या भिंतीवर बसतो आणि तिथं ती पावडर त्याच्या पायाला लागते, असा त्यामागचा विचार. म्हणजे माणूस जिथं निजतो तिथली भिंत महत्त्वाची. हे मला त्या टोळीतल्या किशननं सांगितलं.

किशन पलीकडच्या गावचा, बौद्ध. आमच्या घरात तो शब्द वापरत नसत, ‘त्यांच्यातला’ म्हणत. पंचविशीचा असेल. टोळीतले निम्मे लोक ‘त्यांच्यातले’च होते, कारण दिवसभर विषारी पाण्यात हात घालायला दुसरं कोण जाणार होतं?

महालक्ष्म्यांना चार दिवस होते. टोळी आमच्या दाराशी आली तेव्हा आईनं मला पुढं केलं. काय सांगायचं ते माजघरातूनच शिकवलं होतं. मी उंबऱ्यात उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून.

“बैठकीतच मारा. आत न्हाई.”

“काऊन, ताई?” किशननं विचारलं. आवाज थकलेला होता, त्यानं सकाळपासून हे बरंच ऐकलं असावं.

“महालक्ष्म्या बसायच्यात. देव हायत आत. चूल हाय.”

“देव बाहीर आणून ठिवा घटकाभर. भांडी झाका. सगळ्या गावाला तेच सांगायलाव आमी.” मग तो जरा वाकून, लहान मुलीला समजवावं तसं म्हणाला, “ताई, डास बैठकीत बसत न्हाई. तो आंधारात बसतो. मागची खोली हाय का तुमच्यात? तिथं कोण निजतं?”

आतून, त्या मागच्याच खोलीच्या दारातून वहिनीचा आवाज आला. “येऊ द्या की वन्सं त्यांना. आमच्या मानवतला आत बी मारत्यात. लय डास हायत इथं, मी रातभर हात हालवायलेय.”

दादा ओसरीवर पेपर वाचत बसला होता. त्यानं पेपर खाली केला नाही. आई माजघरातून काही बोलली नाही. सगळे माझ्याकडे सोपवून मोकळे झाले होते. मी वहिनीचं ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुन्हा म्हणाले, “आत येऊ नका. आमच्यात चालत न्हाई.”

‘चालत नाही’ म्हणजे काय चालत नाही, ते किशनला कळलं. मलाही कळत होतं. तेरा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं.

“तुमचं घर, तुमची भिताडं,” तो म्हणाला. आवाजात आता समजावणं नव्हतं. “आमाला नुसता आकडा लिव्हायचाय.” त्यानं बैठक फवारली, आणि दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं तारीख घालून लिहिलं : खोल्या सहा, फवारली एक. टोळी खाली वस्तीकडे गेली. तिथं एकेका खोलीची घरं होती, लोकांनी मडकी-गाडगी, चूल, पोरं, सगळं बाहेर काढून ठेवलं होतं.

दोन दिवसांनी आईनं महालक्ष्म्यांसाठी घर सारवायला घेतलं. बैठकीच्या भिंतींवर शेणमातीचा पोतेरा फिरला, पावडर त्याखाली गेली, गेरूचा आकडाही गेला. पुढे किती तरी वर्षांनी एका सरकारी कागदात मी वाचलं की गावच्या बायका अज्ञानामुळे फवारलेल्या भिंती सारवतात. वाचून संताप झाला. सण कोणत्या दिवशी येतो हे काय गुपित असतं? सण होऊन गेल्यावर टोळी पाठवायला कोणी हात धरले होते? पण वेळापत्रक एकदा छापलं की छापलं. पाऊस दसऱ्याच्या पुढं गेला तरी कागदावरचा पावसाळा वेळेवर संपला.

मग गाव तापलं. आधी एक घर, मग गल्ली. एक दिवस हुडहुडी भरून ताप, एक दिवस माणूस बरा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. वेचणीला बायका मिळेनात. पारावर कोणी तरी अक्कल पाजळली की हा ताप पावडरवाल्यांनीच आणला, त्यांनीच पाण्यात काही तरी कालवलं. हे ऐकून हसावं की रडावं तेच कळेना. ज्यांना घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं त्यांनी घरात ताप आणला! आणि माणसं माना डोलवत होती. दादाही डोलवत होता.

वहिनीला सातवा महिना होता. तापाच्या पहिल्या थंडीत तिचे दात वाजायचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. तीन वाकळा घातल्या, वर मी आडवी झाले, तरी तिचं अंग उडतच होतं. रक्त तपासणारा सरकारी माणूस आठवड्यातून एकदा यायचा, त्यानं तिच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर थेंब घेतला. चार गोळ्या दिल्या. त्या कडूजहर गोळ्या तिच्या पोटात ठरल्या नाहीत, उलटून पडल्या. काच परभणीला जाईल आणि निकाल येईल, असं सांगून तो गेला.

तापाच्या चौथ्या पाळीला ती बरळायला लागली. माझ्याकडे बघून मला ओळखेना. तरी मी तिच्याजवळ बसले की हात वर करून माझ्या केसांत काही तरी शोधायची. सकाळी गाडी जुंपली. एरवी तासाभराचा रस्ता, पण चिखलात चाक रुतायचं, उपसायचं, पुन्हा रुतायचं. दादा चाकाला खांदा लावून ढकलत होता आणि रडत होता, हे मी पाहिलंय. तो निर्दय माणूस नव्हता, म्हणून तर राग जास्त आहे. पिंगळीला पोचलो तेव्हा परभणीची गाडी निघून गेली होती. पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावरच्या लिंबाखाली वाकळ अंथरली. त्या वाकळेवर दुपारी ती गेली. आणि पोटातलं पोरही.

तिच्या रक्ताचा निकाल नवव्या दिवशी आला. हिवताप आहे, असं त्यात लिहिलं होतं.

ताप फार झाला म्हणून टोळी पुन्हा पाठवली गेली. तेराव्याचा मांडव अजून सोडला नव्हता. मी दाराशी गेले. किशननं मला बघून विचारलं, “त्या वहिनी हायत ना बऱ्या? आतून बोलल्या होत्या त्या?” मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं पंपाची नळी भिंतीला टेकवली, डोक्याचं फडकं काढलं आणि उभा राहिला. मला वाटलं, आता आई आतून म्हणेल की या. मी खरंच वाट बघितली. आई म्हणाली, “इमल, बैठकीतच मारायला सांग.”

पुन्हा सहा, एक.

मी तेव्हाही उंबऱ्यातून बाजूला झाले नाही. आईची आज्ञा मोडायची माझी ताकद नव्हती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण शाळेत जाते असं तिच्याशी खोटं बोलून मी जत्रेला गेले होते, तिची बरणी फोडून लोणचं खाल्लं होतं. आज्ञा मोडायची ताकद होती. फक्त त्या एका जागी ती वापरावीशी वाटली नाही, कारण आत कुठं तरी मलाही ते दार तसंच असावं असं वाटत होतं. हे लिहितानाही मला माझीच चीड येते.

नंतर शिकताना मला कळलं की त्या पावडरीला डास तेव्हाच फारशी दाद देत नव्हते. म्हणजे मागची खोली फवारली असती तर वहिनी जगली असती, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. हे वाचल्यावर काही दिवस बरं वाटलं होतं. मग स्वतःचीच लाज वाटली. आम्हाला हे माहीत होतं म्हणून थोडंच आम्ही किशनला अडवलं? पावडर गुणाची आहे असंच घरातला प्रत्येक जण मानत होता, म्हणून तर बैठकीत मारू दिली. जगायची जी काय संधी होती ती तिनं स्वतःच्या तोंडानं मागितली, आणि आम्ही ती दारातून परत पाठवली. दादानं वर्षभरात दुसरं लग्न केलं. वहिनीचा विषय निघाला की घरात एकच वाक्य ठरलं, त्या साली पावसानं घात केला. पाऊस कोर्टात उभा राहत नाही, त्याच्या नावावर काहीही खपतं. आता तर दादाला शास्त्राचाही आधार मिळाला.

काल दवाखान्यात गेले. ईश्वरीचा ताप उतरला होता, पण रक्तातल्या प्लेटलेट खाली गेल्या होत्या म्हणून दोन पिशव्या चढवायच्या होत्या. पोरगी चुरगळल्यासारखी पडली होती. हाताला सुई, ओठ सुकलेले. तिची आई, दादाची सून रेणुका, बाहेर येऊन माझ्यापाशी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “आत्या, गच्चीवरच्या टाकीत आळ्या झाल्या होत्या. ताप आल्यावर मी वर जाऊन बघितलं. आशाताई दर आठवड्याला येतात, टाकी बघायला, औषध टाकायला. मामांजी त्यांना गेटातूनच वापस लावतात. मी म्हणलं तर म्हणतात, कागदावर सही करून दे अन् जाऊ दे.”

“कोण आहे आशाताई?”

“आपल्या गावच्या खालच्या वस्तीतली हाय.”

दादा व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसला होता. सत्तरीला टेकलेला, गुडघ्यांवर हात, तीन दिवसांची दाढी. मला बघून त्याला भरून आलं. “बघ की इमल,” तो म्हणाला, “काय दिवस आलेत. आता कुठं डेंग्यूचे दिवस हायत का हे? सगळं हवामानच फिरलंय. सुमनच्या येळंला बी—”

“दादा, सुमनवहिनीच्या वेळी दारात मी उभी होते,” मी म्हणाले. “आत येऊ नका, असं मी म्हणाले. वहिनी येऊ द्या म्हणत होती. तू पेपर वाचत होतास.”

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं तो चिडेल, आईचं नाव पुढं करेल. तो खाली बघूनच म्हणाला, “आदल्या दिशी तिनं मलाबी म्हणलं होतं. मीच आईला सांगितलं, आत घेऊ नको म्हणून.”

इतकी वर्षं मी आईला धरून बसले होते. आई गेली तेव्हाही मनातून तिला सोडलं नव्हतं. मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं, पण दवाखाना होता.

“आणि आता?” मी विचारलं. “त्या आशाताईला गच्चीवर का जाऊ देत नाहीस?”

दादानं माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली बहीण, हिला एवढंही कळू नये.

“पिण्याचं पाणी हाय ते, इमल,” तो म्हणाला.

आत ईश्वरीच्या हाताला लावलेली दुसरी पिशवी संपत आली होती. त्या दोन पिशव्या कोणाच्या रक्तातून भरल्या, हे दादानं तीन दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.